मोडक्या फिरंगांच्या कट्यारी

दक्षिणेंतील जुन्या कट्यारी पाहतांना संग्राहकाच्या हातीं कधीं कधीं असा एखादा नमुना येतो, कीं ज्याची मूठ निःसंशय देशी, तिच्यावरील यालीचें व वेलबुट्टीचें काम तामिळ देशांतील. परंतु पात्याच्या मधल्या खोबणींत मात्र चारपांच रोमन अक्षरें कोरलेलीं असून तीं अर्ध्या शब्दांतच तुटलेलीं. पुढचीं अक्षरें मुठीच्या पट्ट्यांखालीं गेलेलीं असतात, किंवा तेथें पातेंच संपलेलें असतें. अशा नमुन्यासंबंधानें दोन प्रकारचीं मतें सामान्यतः ऐकूं येतात. कोणी म्हणतो, हें हत्यार युरोपांत करवून आणलें. कोणी म्हणतो, मूठ जुनी खरी, पण पातें मागाहून कोणीं तरी जडविलें. सबब वस्तु मिश्र, अर्थात् कमी मोलाची. आमच्या मतें बहुतेक प्रसंगीं हीं दोन्ही मतें टिकण्यासारखीं नाहींत. हीं पातीं म्हणजे मोडलेल्या विलायती तरवारींचे तुकडे होत. ते याच देशांतील कारागिरांनीं, त्या काळींच, जाणूनबुजून निवडून कट्यारींस बसविले. म्हणजे ज्याला मिश्रण म्हणून नांवें ठेवावयाचीं, तेंच या हत्याराचें अस्सल रूप आहे.

ही गोष्ट अगदींच नवी आहे असें नाहीं. अमेरिकेंतील शस्त्रसंग्राहक जॉर्ज कॅमेरन स्टोन यांचा शस्त्रकोश इ. स. १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत सोळाव्या-सतराव्या शतकांतील कट्यारींस विलायती पात्यांचे तुकडे लावीत असत ही गोष्ट आलेली आहे. व त्यानंतरच्या अभ्यासकांनींही ती मान्य केली आहे. परंतु आपल्याकडील संग्रहांतून तिचा जो उपयोग व्हावयास पाहिजे, तो होत नाहीं. कागदांच्या बाबतींत आपण किती सावध असतों! एखाद्या बखरीची नक्कल हातीं आली तर मूळ रचना केव्हांची, नक्कल केव्हांची, कागद कोणता, समासांतील हात कोणाचा, या चार गोष्टी आपण वेगळ्या विचारतों. शस्त्राच्या बाबतींत मात्र पात्यावर एक अक्षर दिसलें, कीं त्याचाच काल साऱ्या हत्यारास लावून मोकळे होतों.

प्रथम हीं पातीं आलीं कोठून हें थोडक्यांत पाहूं. पोर्तुगीज लोकांनीं इ. स. १५१० त गोवें घेतल्यावर युरोपांतील लांब, सरळ, लवचिक तरवारी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून देशांत येऊं लागल्या. पुढें डच व इंग्रज व्यापाऱ्यांनींही हा माल आणला. जर्मनींतील सोलिंगेन, स्पेनांतील टोलेडो, इटलींतील जिनोआ व बेल्लूनो हीं त्या काळचीं पात्यांचीं नांवाजलेलीं गांवें. आपल्याकडे येणारा माल बहुधा नुसतें पातें. त्यास येथील कारागीर येथील मूठ बसवीत. अशा तरवारीस आपल्या लोकांनीं ‘फिरंग’ हें नांव दिलें, व तें इतकें रुळलें कीं त्यांतील परकेपणाचा वास उडून गेला. नागपूरकर रघोजी भोसले यांची जी तरवार महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०२५ च्या एप्रिलांत लंडन येथील लिलांवांत ४७ लक्ष १५ हजार रुपयांस घेतली व त्याच वर्षीं ऑगस्टांत मुंबईस आणली, तिचें पातें युरोपीय आहे. आणि त्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असा लेख आहे. सेनासाहेबसुभ्याच्या दौलतींत, धन्याच्या नांवाशेजारीं, शस्त्राची जात म्हणून ‘फिरंग’ हा शब्द सोन्यांत घातला गेला, यावरून त्या पात्याची प्रतिष्ठा काय होती हें दिसतें.

परंतु प्रतिष्ठित पातेंही मोडतें. आणि येथूनच आमच्या विषयास खरा आरंभ होतो.

सरळ व लांब तरवार साधारणतः दोन ठिकाणीं मोडते. एक मुठीपाशीं, कारण घावाचा सारा हिसका तेथें येऊन थांबतो, व पात्याचा मुठींत जाणारा भाग अरुंद असल्यामुळें त्यावर जोर अधिक पडतो. म्यानाच्या तोंडाशीं ओल धरून गंजही तेथेंच आधीं चढतो. दुसरें ठिकाण पात्याच्या मध्याच्या पुढें, जेथें पातें पातळ होत जातें तेथें. ढालीच्या कडेंत किंवा चिलखतांत पातें अडकून आडवें पिळलें गेलें, म्हणजे तें येथें तुटतें. पहिल्या प्रकारांत जवळजवळ संपूर्ण पातें शिल्लक राहतें. त्यास पुनः तरवारच करतां येते, आणि आपल्याकडील खांड्याच्या धर्तीची मूठ या कामास फार सोयीची आहे. या मुठीपासून पात्याच्या दोहों अंगांस दोन लांब पट्ट्या उतरलेल्या असतात व त्या पात्यास मेखांनीं आरपार जखडलेल्या असतात. पात्यास मुठींत शिरणारी शेपटी अखंड असलीच पाहिजे असें येथें राहत नाहीं. मुठीची लाख सुटली तरी मेखा पातें सोडीत नाहींत. अनेक फिरंगांच्या पट्ट्या गरजेपेक्षां अधिक लांब दिसतात. शोभेसाठीं हें खरेंच, पण पट्टी जितकी लांब तितका आंखूड झालेल्या पात्याचा सांधा झांकला जातो, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दुसऱ्या प्रकारांत मात्र तरवारीची तरवार होत नाहीं. सुमारें तीन फूट लांबीचें पातें मध्यें तुटलें, कीं एक तुकडा मुठीसह धन्याच्या हातांत राहतो व दुसरा टोकासह जमिनीवर पडतो. यांपैकीं कोणताही हात-सव्वा हाताचा तुकडा घेतला तर तो रुंद, सरळ व बहुधा दुधारी असतो. आणि कट्यारीस याहून दुसरें काय लागतें? कट्यारीची मूठ म्हणजे हाताच्या दोहों बाजूंनीं येणाऱ्या दोन दांड्या व त्यांस जोडणारे आडवे गज. तिला मुठींत शिरणाऱ्या शेपटीची गरजच नाहीं. विजयनगर व तंजावर येथील कट्यारींस याशिवाय बोटांवर शिंपल्याच्या किंवा पानाच्या आकाराचा पत्रा असतो, आणि पातें मुठीच्या मुळाशीं दोन पट्ट्यांच्या फटींत बसवून दोनतीन मेखांनीं जखडलेलें असतें. म्हणजे तुकडा घ्यावा, तळाकडून चौकोनी करावा, फटींत सरकवावा आणि मेखा माराव्या. लोहार व शिकलगार यांस मिळून हें काम फार दिवसांचें नव्हे.

यांत एक बारकावा आहे, व तो सांगितल्यावांचून कारागिरीचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. तयार पात्यास एकदां पाणी दिलेलें असतें. तें पुनः भट्टींत घालून लाल केलें, कीं तें पाणी उतरतें; पोलाद मऊ पडतें, आणि त्यास नव्यानें पाणी देण्यास मूळ पोलादाची जात ओळखणारा हात लागतो. परक्या पोलादाची जात कोणास ठाऊक? म्हणून शहाणा कारागीर मोडक्या पात्यास शक्य तों विस्तव दाखवीतच नाहीं. छिन्नीनें रेघ पाडून ऐरणीच्या कडेवर तो तुकडा तोडावयाचा, सहाणेवर पाण्याच्या धारेखालीं घांसून टोंक काढावयाचें, आणि मेखांच्या भोंकांसाठीं फक्त तळाचा बोटभर भाग तापवावयाचा. बाकीचें पातें ओल्या फडक्यांत किंवा मातींत गुंडाळलें म्हणजे त्याचें पाणी शाबूत राहतें. यामुळेंच अशा कट्यारींच्या पात्यांवर घणाचा एकही नवा ठोका दिसत नाहीं. जें काय नवें आहे तें घांसण्याचें व मेखांचें. मूळ कारागीर सोलिंगेनचा असो वा बेल्लूनोचा, त्याचें काम जेथवर राखतां आलें तेथवर आपल्या कारागिरानें राखलें आहे. त्याच्या खोबणी तशाच, त्याचे ठसे तसेच, आणि निरुपायानें कापलेलीं अक्षरेंही तशींच.

या समजुतीनें पाहूं लागलें म्हणजे पात्याची परीक्षा सोपी होते. देशी घडणीच्या कट्यारीचें पातें मुळापासून टोंकाकडे निमुळतें होत गेलेलें असतें. मधली शीर किंवा खोबण त्याच आकाराच्या धोरणानें काढलेली असते. आणि टोंकाशीं पातें मुद्दाम जाड ठेवलेलें असतें, कारण चिलखताच्या कड्या फोडावयाच्या त्या टोंकानेंच. तरवारीच्या तुकड्यास हें जाड टोंक नसतें. तो सर्वत्र सारखा पातळ, हातांत घेऊन किंचित् वांकविला तर लवणारा. त्याच्या खोबणी आकाराची पर्वा न करतां मुठीच्या पट्ट्यांखालीं सरळ घुसतात, नाहीं तर घांसलेल्या टोंकाशीं मध्येंच छेदल्या जातात. कधीं अक्षरें मुठीच्या हिशेबानें उलटीं पडतात, म्हणजे तुकडा उलट फिरवून बसविला हें उघड होतें. कधीं पट्टीच्या बाहेर एखादें बुजविलेलें जुनें भोंक दिसतें. तेव्हां तो तुकडा या मुठीस लागण्यापूर्वीं आणखी एका मुठींत होता असें समजावें.

येथें एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. युरोपीय पात्यांवर अक्षरें व ठसे बहुधा मुठीच्या बाजूच्या तिसऱ्या भागांत, खोबणीच्या आंत असतात. टोंकाकडे कांहींच नसतें. म्हणून ज्या कट्यारीवर रोमन अक्षरें आहेत तिचें पातें मूळ तरवारीच्या मुठीकडील भागाचें होय. हा तुकडा मोडल्यावरही धन्याच्या हातांत राहणारा. तो धनी तो घरीं आणतो, आपल्या कारागिरास देतो, आणि लढाईंत साथ दिलेल्या शस्त्राचा अवशेष म्हणून त्यास चांगली मूठ घालवितो. उलट टोंकाकडचा तुकडा रणांत पडतो. तो ज्यास सांपडेल त्याचा. त्यावर अक्षर नसल्यामुळें पुढें तो विलायती म्हणून ओळखूही येत नाहीं. तेव्हां अक्षरें असलेल्या कट्यारींवरून अशा पुनर्घटित हत्यारांची संख्या मोजणें म्हणजे सहीच्या कागदांवरून साऱ्या दप्तराचा अंदाज करण्यासारखें आहे. साध्या, बिनअक्षरी, पातळ पात्यांच्या ज्या कट्यारी संग्राहक हलक्या म्हणून बाजूस सारतात, त्यांत वेंचलेल्या तुकड्यांचा भरणा बराच असावा असा आमचा तर्क आहे.

आतां कोणी विचारील, आपल्या देशांत पोलादाची का वाण होती, कीं मोडके तुकडे वेंचावे लागावे? वाण मुळींच नव्हती. तेलंगणांतील निर्मळच्या प्रदेशांत कोनसमुद्रम् येथें मुशींत गाळलेलें पोलाद होत असे व तें इराणपर्यंत जाई, डॉ. व्हॉयसी यांनीं तेथील भट्ट्यांचें केलेलें वर्णन इ. स. १८३२ त छापून प्रसिद्ध झालें आहे. इराणी व दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या पात्यांचें पोलाद पुष्कळसें आपल्याकडचेंच. तेव्हां गरज पोलादाची नव्हती. मोल होतें तें पात्यांत आधींच गुंतलेल्या श्रमाचें. ढेपेपासून पातें घडविण्यास जळण, घणकरी व वेळ किती लागतो हें कोणत्याही लोहारास विचारावें. तें सारें तुकड्यांत केलेलें होतें. शिवाय फिरंगाच्या लवचिकपणाची ख्याति होतीच, व ख्यातीचा थोडासा अंश तुकड्यासही मिळतो.

सांपडलेल्या धातूचें हत्यार करणें हें गरिबीचेंच लक्षण नव्हे, यास एक बादशाही दाखला आहे, आणि तो स्वतः बादशहानें लिहून ठेवला आहे. इ. स. १६२१ च्या एप्रिलांत जालंदर परगण्यांतील एका गांवीं आकाशांतून जळता गोळा पडला. तेथील अंमलदारानें जमीन खणवून लोखंडाचा तप्त गोळा काढला व तो जहांगीराकडे पाठविला. वजन १६० तोळे भरलें. बादशहानें उस्ताद दाऊद यास त्याचीं हत्यारें करावयास सांगितलें. पण तें लोखंड घणाखालीं टिकेना, फुटूं लागलें. तेव्हां तीन भाग तें ‘विजेचें लोखंड’ व एक भाग साधें लोखंड असें मिश्रण करून दोन तरवारी, एक खंजीर व एक सुरी घडविण्यांत आली, असें ‘तुझुक’ ग्रंथांत नमूद आहे. त्यांतील सुरी आज वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहांत आहे. आम्हांस यांतील मोठी गोष्ट ही वाटते, कीं कारागिराचें नांव, मूळ वस्तूचें वजन, मिश्रणाचें प्रमाण व झालेल्या हत्यारांची संख्या हीं सारीं एका ठिकाणीं टिपलेलीं आहेत. बादशहा जिज्ञासु होता म्हणून हें झालें. तंजावरच्या ज्या लोहारानें फिरंगाचा तुकडा यालीच्या तोंडांत बसविला, त्याचा जहांगीर कोणी नव्हता. त्याची नोंद त्याच्या कामांतच वाचली पाहिजे. आमच्या कोशांतही हीच उणीव आहे. राज्यव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग आहे. पण कोश झाला तरी तो तयार हत्यारांचीं नांवें देणार, मोडलेल्या हत्याराचें पुढें काय झालें हें सांगणें त्याचें काम नव्हे.

तंजावरचें नांव वर वरचेवर आलें. त्याचें कारण असें, कीं या जातीच्या उत्कृष्ट कट्यारींचा मोठा सांठा तेथल्या राजवाड्यांत होता. या सांठ्याची हकीगत मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी अशी आहे.

तंजावरच्या नायकांचें राज्य इ. स. १६७३ त बुडालें, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत व्यंकोजीराजे भोसले तेथें अधिपति झाले. राजवाड्याबरोबर शस्त्रागारही भोसल्यांकडे आलें. म्हणून तंजावरची कट्यार म्हटली कीं ती मराठ्यांनींच करविली असें मानण्याचा जो प्रघात आपल्यांत आहे, तो सोडला पाहिजे. शिंपलीच्या आकाराचा पत्रा, याली व मयूर यांचें कोरीव काम, पट्ट्यांची घाटणी, हीं बरीचशीं नायकांच्या व त्यांच्याही पूर्वीच्या विजयनगरच्या परंपरेंतील आहेत. भोसल्यांनीं तीं हत्यारें पावणेदोनशें वर्षें जतन केलीं व वापरलीं. त्यांत भर घातली. हेंही लहान श्रेय नव्हे.

शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, इ. स. १८५५ त निपुत्रिक वारले. कंपनी सरकारनें राज्यपद खालसा केलें, आणि पुढच्या वर्षीं राजवाड्यांतील सारी चीजवस्तही ताब्यांत घेतली. राजांची पत्नी कामाक्षीबाईसाहेब यांनीं मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, तेथें त्यांच्यासारखा निकाल झाला, परंतु इ. स. १८५९ त प्रिव्ही कौन्सिलानें तो फिरविला. सरकारनें राजसत्तेच्या अधिकारानें केलेलें कृत्य न्यायालयाच्या कक्षेंत येत नाहीं, असें ठरलें. खाजगी मिळकत इ. स. १८६२ त मेहेरबानी म्हणून परत झाली. त्यांतून सरस्वती महालांतील ग्रंथ बचावले. बर्नेल यांची त्या संस्कृत पोथ्यांची यादी इ. स. १८८० त छापली गेली, आणि इ. स. १९१८ त तो ग्रंथसंग्रह सार्वजनिक झाला. आपल्या वाचकांपैकीं ज्यांनीं तेथील मोडी कागद चाळले आहेत, त्यांस त्याचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको.

शस्त्रांचें नशीब मात्र असें नव्हतें. मद्रास इलाख्यांतील मुलकी अंमलदार वॉलहाउस यांनीं ‘इंडियन अँटिक्वेरी’च्या इ. स. १८७८ च्या पुस्तकांत जुन्या तंजावर शस्त्रागारावर एक लेख लिहिला. त्या शस्त्रागारांतील निवडक हत्यारें मद्रासच्या सरकारी संग्रहालयासाठीं ठेवण्यांत आलीं, आणि उरलेला सारा ढीग मोडून भंगार लोखंड म्हणून विकला गेला. ज्या पात्यांचे तुकडे एकदां एका कारागिरानें मोठ्या जपणुकीनें वांचविले होते, त्यांचे पुनः तुकडे करण्यांत आले; आणि या वेळीं ते उचलणारास त्यांत पोलादाच्या वजनापलीकडे कांहीं दिसलें नाहीं. वांचलेलीं हत्यारें आज चेन्नई येथील एग्मोरच्या संग्रहालयांत आहेत, व कांहीं परदेशांतील संग्रहांतून विखुरलेलीं आहेत. जीं उरलीं तीं सुंदर म्हणून उरलीं हें विसरूं नये. निवडणारानें मूठ पाहून निवड केली असणार. साध्या मुठींचीं, वेंचीव तुकड्यांचीं, शिपायांच्या कमरेचीं हत्यारें ढिगांतच गेलीं. आणि तंजावरच्या शिपाईगिरीचा आपण जो विचार करतों, तो दरबारी नमुन्यांवरून करतों.

विकलेल्या भंगाराचें पुढें काय झालें? कागदोपत्रीं पुरावा मिळण्याजोगा हा विषय नव्हे, परंतु लोहाराच्या दुकानीं जुनें पोलाद पडून राहत नाहीं, ही सर्वांच्या पाहण्यांतली गोष्ट आहे. आजही आपल्याकडील ऊंसतोडीचा कोयता बहुधा मालमोटारीच्या मोडक्या कमानीच्या पाट्याचा असतो, आणि झिजलेल्या कानशीची सुरी किंवा पटाशी गांवोगांव होते. लोहार तो पाटा निवडतो तो अगदीं जुन्या रीतीनें. ऐरणीवर टाकून नाद ऐकतो. सहाणेवर धरून ठिणगी पाहतो. ठिणगी लांब व एकसारखी गेली तर लोखंड मऊ. पुढें जाऊन फुलासारखी फुटली तर पोलाद कडक, म्हणजे धार धरणारें. कानस फार कडक असल्यामुळें ती तशीच वापरली तर पातें कांचेसारखें तुटतें. म्हणून तिचें पाणी थोडें उतरवावें लागतें. घांसून लख्ख केलेली कानस हलक्या विस्तवावर धरली म्हणजे तिच्यावर आधीं फिकट पिंवळा, मग तांबूस, मग निळा रंग चढतो. कोणत्या रंगावर ती बाजूस काढावयाची हें लोहाराच्या डोळ्यांस ठाऊक असतें. हें ज्ञान कोणत्याही पोथींत शोधण्यापेक्षां लोहाराच्या शाळेंत, म्हणजे भात्याशेजारीं, बसून टिपलें पाहिजे. आमच्या मंडळींपैकीं फारच थोडे तेथें जातात, ही गोष्ट मनास लागते. सोलिंगेनच्या तुकड्याची कट्यार व लॉरीच्या पाट्याचा कोयता यांत कलेचें अंतर पुष्कळ आहे. कसबाचें अंतर आपण समजतों तितकें नाहीं.

इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून तरवार घेऊन फिरणें गुन्हा ठरल्यावर या व्यवहारास दुसरी बाजू आली. जें पातें तरवार म्हणून उघडपणें वागवितां येत नव्हतें, तें विळा म्हणून उजळ माथ्यानें वागवितां येत होतें. म्हणून जुन्या घराण्यांकडून शेतीचीं किंवा स्वयंपाकघरांतील अवजारें पाहावयास मिळालीं तर पाठीवर खोबण आहे कीं काय, एवढें तरी पाहावें. विळ्यास किंवा सुरीस खोबणीचें कांहीं काम नाहीं. ती दिसली तर तें पातें पूर्वीं दुसरें कांहीं तरी होतें हें निश्चित.

ठशांविषयीं दोन शब्द अवश्य आहेत, कारण फसवणूक येथेंच होते. धांवत्या लांडग्याचा ठसा मूळ पासाउ या गांवचा; तो पुढें सोलिंगेनच्या कारागिरांनीं घेतला, तेव्हां त्यावरून गांव ठरत नाहीं. ‘आंद्रेआ फेरारा’ हें बेल्लूनोकडील एका खऱ्या कारागिराचें नांव, परंतु त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घ काळ जर्मन कारखाने तें नांव आपल्या मालावर घालीत होते. त्यावरून मनुष्यही ठरत नाहीं. जिनोआचा म्हणून ओळखला जाणारा, दांतेरी कोयत्यासारख्या दोन कमानींचा ठसा तर आपल्याकडील लोहारांनीं इतक्या देशी पात्यांवर मारला, कीं त्यावरून देशही ठरत नाहीं. ठसा म्हणजे त्या काळीं गुणाची खूण झाली होती. आजच्या अर्थानें सही नव्हती. अक्षरें बिघडलेलीं, उलटीं किंवा अर्थहीन असलीं तर देशी नक्कल समजावी, असा नियम कांहीं लोक सांगतात. पण युरोपांतीलही पुष्कळ ठसेकऱ्यांस वाचतां येत नव्हतें, म्हणून हा नियम एकट्यानें पुरत नाहीं. खोबणीची घडण, पात्याची जाडी व लवचिकपणा हीं बरोबर पाहिलीं पाहिजेत.

याखेरीज अलीकडच्या बाजारांत जुन्या मुठीस भलतेंच पातें बसवून पाहुण्यांस विकण्याचा धंदा आहे. अशी जोड आणि तीनशें वर्षांपूर्वींची जोड यांत भेद कसा करावा? मेखेकडे पाहावें. जुनी मेख पट्टीशीं एकजीव होऊन दोन्हींवर एकच गंज चढलेला असतो, आणि मेखेचें डोकें पट्टीच्या नक्षींत बसेल असें घडविलेलें असतें. नवी मेख डोक्यानें चपटी, भोंवतालीं ताज्या कानशीचे ओरखडे, व पट्टी आणि पातें यांच्या फटींत धुळीऐवजीं डिंकासारखा पदार्थ. याच कारणास्तव हत्यार हातीं येतांच तें वाळूकागदानें किंवा आम्लानें घांसून चकचकीत करण्याची जी संवय कांहीं संग्राहकांस आहे, ती अत्यंत घातक आहे. गंज घालवितांना जुन्या-नव्या जोडीचा पुरावाच घालविला जातो. वर खोबणींतील उथळ अक्षरेंही पुसट होतात. तेलाच्या बोळ्यानें पुसणें पुरेसें आहे.

त्याहून घातक प्रकार म्हणजे सुधारणेचा. एका सधन संग्राहकानें असल्या तीन कट्यारींचीं पातीं परकीय म्हणून काढविलीं व त्यांच्या जागीं नवीं देशी पातीं बसविलीं, असें आम्हांस खात्रीलायक समजतें. नांव देण्याचें कारण नाहीं. पोथींत कोणीं तामिळ लिपींतील दोन ओळी घातल्या म्हणून तें पान फाडून टाकणाऱ्यास आपण काय म्हणूं?

म्हणून अशा हत्यारांची नोंद करतांना पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या अशी विनंति आहे. पात्याची लांबी पट्टीपासून टोंकापर्यंत. मुळाशीं, मध्यें व टोंकापासून एक बोट अलीकडे अशी तीन ठिकाणची जाडी. खोबणींची संख्या आणि त्या कोठें संपतात किंवा छेदल्या जातात तें. अक्षरें जशीं दिसतात तशीं, पुरीं न करतां, कागदावर पेन्सिलीनें घांसून घेतलेल्या ठशासह. मेखांची संख्या व बुजविलेलीं भोंकें. वस्तु कोणत्या घराण्यांतून आली हें तर लिहावेंच, पण त्या घराण्याकडे ती कोठून आली याविषयीं घरांत जी दंतकथा असेल ती वेगळी, दंतकथा म्हणूनच लिहावी. पट्ट्यांखालीं झांकलेलीं अक्षरें वाचण्याच्या मोहानें मेखा उपटूं नयेत. मेख ही त्या जोडणीची एकमेव साक्षीदार असते. पट्टीखालीं पातें कोठवर गेलें आहे, त्यास पूर्वींचीं भोंकें आहेत कीं नाहींत, आणि तळ छिन्नीनें तोडलेला आहे कीं घडविलेला, हें आतां क्ष-किरणांच्या छायाचित्रांत मेखेस हात न लावतां पाहतां येतें.